आजचं चिंतन : स्थैर्य म्हणजे भिंत होऊन उभं राहणं



आज गीतेचा तेरावा अध्याय, सातवा श्लोक. ज्ञान म्हणजे काय, हे भगवंत इथून सांगायला लागतात. आपल्याला वाटतं आता काहीतरी गूढ ऐकायला मिळणार. पण देव सांगतात ती वागणूक. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव, आचार्योपासना, शौच, स्थैर्य, आत्मविनिग्रह. एका श्लोकात नऊ गुण, आणि नऊच्या नऊ रोजच्या जगण्यातले. ज्याच्या अंगी हे मुरले त्याला ज्ञान झालं, असा हिशोब आहे.

यातला आठवा गुण आज घेऊया. स्थैर्य. आणि तो समजून घेऊया एका अगदी नेमक्या परिस्थितीत. घरातल्या कुणाचं तरी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय, माणूस घरी आलाय, आणि आता त्याला सांभाळायचंय. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी हे चिंतन आहेच. पण ज्यांच्या मित्राच्या, शेजाऱ्याच्या, ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या घरी हे चालू आहे, त्यांनी तर जरूर वाचा.

हा विषय आपल्या भागाला परका नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं येऊन राहिली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा जास्त आढळतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे, तो धडधाकट असतो. पण आई-बाबा दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही आयुष्यभर. यातून कायमचं बाहेर काढणारा आजवरचा रुळलेला उपाय म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. ल्युकेमियाच्या कितीतरी रुग्णांनाही तोच आधार असतो. भारतातलं पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवरून वावरणारा हा डॉक्टर. आज टाटाचं हे काम खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं, आणि बोरिवलीला मुंबई महापालिकेचं मुलांसाठीचं केंद्र आहे. म्हणजे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या माणसाला ही वाट लांबची असली तरी अनोळखी नाही.

आता स्थैर्याकडे येऊ.

आपण बारवीचं पाणी पितो. एमआयडीसीचं हे धरण, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन ते पाणी आपल्याकडे येतं. धरण भरलं की काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. पातळी ७२.६० मीटरला पोचते, स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर एकच बातमी, “बारवी भरलं!” आनंदाचीच गोष्ट आहे. पण धरणाचं खरं काम त्या दिवशी सुरू होतं. पुढचे दहा महिने ते पाणी धरून ठेवायचं, मोजून मापून सोडायचं, आणि मे महिन्यातही नळ कोरडा पडू द्यायचा नाही. त्या दहा महिन्यांत भिंतीचे फोटो काढायला कुणी जात नाही. भिंत काहीच करत नाही असं दिसतं. ती फक्त उभी असते. तिच्या उभं राहण्यावर आपल्या लाखो घरांचा सकाळचा चहा होतो.

ट्रान्सप्लांटनंतरचं घर असंच असतं.

हॉस्पिटलमध्ये नेमकं काय होतं, ते आधी थोडक्यात समजून घेऊ. आधी जोरदार केमोथेरपी, कधी रेडिएशनही देऊन जुना मॅरो रिकामा करतात. मग दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या पिशवीसारख्याच नळीतून शरीरात सोडतात. तो दिवस शून्य. पुष्कळ ठिकाणी त्याला दुसरा वाढदिवस म्हणतात. पण केक कापला म्हणून पेशी लगेच कामाला लागत नाहीत. त्या आपापली वाट काढत हाडांत पोचतात, तिथे रुजतात, आणि नवं रक्त तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पांढऱ्या पेशींचा आकडा तळाला. रोज सकाळी रिपोर्ट येतो आणि रोज तोच आकडा.

जूनचा पहिला पाऊस आठवा. रस्ते वाहायला लागतात, पण धरणाची पातळी काही वाढत नाही. आपल्याला वाटतं पाऊस वाया गेला. वाया नाही गेलेला, तापलेली जमीन आधी तो पिऊन घेते. जमिनीची तहान भागली की मग ओढे वाहतात, मग नदी, मग धरण. रिपोर्टमधला न हलणारा आकडा हा असाच पहिला पाऊस असतो. आत काहीतरी मुरत असतं.

आणि मग एक दिवस आकडा वाढायला लागतो. डॉक्टर हसतात. काही दिवसांनी माणूस घरी येतो. म्हणजे “बारवी भरलं!” नातेवाईकांचे फोन येतात, “सुटलात बाबा एकदाचे!” इथेच आपली गल्लत होते. पहिले शंभर दिवस तर फार जपायचे असतातच, पण नव्या रक्ताची प्रतिकारशक्ती नीट उभी राहायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. लहानपणी घेतलेल्या लसींची ओळख पुसली जाते, त्या डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा घ्याव्या लागतात. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर हळूहळू रुग्णाचा रक्तगटच बदलतो. विचार करा, वीस-पंचवीस वर्षांच्या माणसाच्या आत एक तान्हं बाळ वाढतंय. ते बाळ बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक विसरतात. सांभाळणाऱ्याला विसरून चालत नाही.

माउलींनी तेराव्या अध्यायात स्थैर्य समजावताना फार सुंदर दाखले दिलेत. एक दाखला गायीचा आहे. गाय चरायला रानात जाते, पण तिची माया रानात जात नाही, ती वासरापाशीच राहते. दुसरा वाटेचा. वाटसरू येतात-जातात, पण त्यांच्याबरोबर वाट काही चालू लागत नाही. म्हणजे स्थैर्य हे एका जागी खिळून बसणं नाही. शरीर कामात आणि चित्त ठिकाणावर, याला माउली स्थैर्य म्हणतात.

किती दिलासा आहे यात! कारण सांभाळणाऱ्या तरुण मुलामुलींना एक अपराधी भावना सतत कुरतडत असते. नोकरी सोडता येत नाही. भाऊ घरी झोपून आहे आणि आपण ७.४०च्या लोकलमध्ये लटकतोय. किंवा उलट, सगळा दिवस औषधं, उकळलेलं पाणी, डबे, फायली यात जातो आणि संध्याकाळी वाटतं, आज हरिपाठ झाला नाही, माळ हातात घेतली नाही, एकादशीला मोडता घातला. माझी साधना सुटली का?

सुटली नाही. जागा बदलली. पुंडलिकाची कथा आपण किती वेळा ऐकलीय. साक्षात देव दारात आला, आणि हा आई-वडिलांचे पाय चेपत होता. उठला नाही. देवासाठी एक वीट भिरकावली आणि म्हणाला, जरा थांब. देव रागावला का? तो विटेवर उभा राहिला तो आजपर्यंत उभाच आहे. आपण ज्याच्या दर्शनाला वारी करतो, तो पंढरीचा राणा मुळात एका सेवेकऱ्याची सेवा संपायची वाट बघत थांबलेला आहे. कंबरेवर हात ठेवून शांत उभं राहणं म्हणजे काय, ते त्यालाच विचारावं. पुंडलिकाचंही स्थैर्य आणि विठ्ठलाचंही स्थैर्य.

या कथेतून आणखी एक गोष्ट शिकायची आहे. पुंडलिकाने देवालासुद्धा बाहेर थांबवलं. मग आपण मावशींना का नाही थांबवू शकत?

हसू नका, हा प्रश्न घराघरांत खरा आहे. ट्रान्सप्लांटच्या माणसाला भेटायला येणारे सगळे प्रेमानेच येतात. कुणी गणपतीचा अंगारा घेऊन येतं, कुणी तीर्थ, कुणी पंचामृत, कुणी हार, कुणी घरच्या गायीचं निरसं दूध. आणि या रुग्णाला डॉक्टरांनी नेमकं हेच वर्ज्य सांगितलेलं असतं. न उकळलेलं पाणी, कच्चं दूध, उघड्यावरचं खाणं, ताजी फुलं, कुंडीतली माती, धूळ, धूर, गर्दी. फुलांत, मातीत, बांधकामाच्या धुळीत बुरशीचे कण असतात. आपली फुप्फुसं ते सहज परतवून लावतात, त्याची अजून परतवू शकत नाहीत. प्रत्येकाची पथ्यं थोडी वेगळी असतात, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी हातात दिलेली यादी हाच शेवटचा शब्द. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असेल तर ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनससुद्धा टाळायला सांगतात, कारण त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढते. गणपतीत घरात पपनस आलं तर हे लक्षात असू द्या.

मग प्रसाद नाकारायचा? देवाचा अपमान नाही का होणार? मला वाटतं, तो प्रसाद दोन्ही हातांनी घ्यावा, कपाळाला लावावा आणि घरातल्या धडधाकट माणसांनी खावा. “काकू, तुमचा आशीर्वाद पोचला. त्याला आत्ता डॉक्टरांनी मना केलंय. व्हिडिओ कॉल लावून देतो, दोन शब्द बोला.” इतकं सरळ बोलणं म्हणजे श्लोकातलं आर्जव. आढेवेढे नाहीत, तोडून टाकणंही नाही. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या मंदिरात जायचा हट्ट रुग्णानेच धरला तर? त्या मंदिरात इसवी सन १०६०चा शिलालेख आहे. साडेनऊशे वर्षं तो शंकर तिथे आहे, पुढच्या महाशिवरात्रीलाही असेल. या वर्षी त्याला घरूनच हात जोडू.

आता शौच हा गुण बघा. आपण त्याला सोवळ्या-ओवळ्यात अडकवून टाकलं. पण इथे त्याचा अर्थ उघडा पडतो. बाहेरून आल्यावर साबणाने नीट हात धुणं, कपडे बदलणं, ताजं शिजवलेलं गरम वाढणं, नळीची ड्रेसिंग नर्सने शिकवली तशीच करणं, आपल्याला शिंक आली तर त्या दिवशी खोलीत पाऊल न टाकणं. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेतला आणि कीर्तनाआधी गाव झाडलं. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही गावोगावाहून आलेल्या टाटाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना निवारा देते. बाबांनी स्वच्छता आणि भक्ती वेगळी मानलीच नाही. तुम्ही रात्री अकरा वाजता पिण्याचं पाणी उकळून झाकून ठेवता ना, ती त्या दिवसाची शेजारती समजा.

क्षांतीची परीक्षा सगळ्यात अवघड. सहन करणं. केमोने तोंड सोललेलं असतं, चव गेलेली असते. तुम्ही जीव लावून मऊ खिचडी करता आणि तो एक घास घेऊन ताट सरकवतो, “लोखंडासारखं लागतंय.” स्टेरॉइड चालू असेल तर चेहरा सुजतो, झोप उडते, चिडचिड होते. ज्याच्यासाठी रात्री जागता तोच तुमच्यावर ओरडतो. अशा वेळी मनाला सांगायचं, हे औषध बोलतंय, भीती बोलतेय. आणि तरी लागलं मनाला, तर बाल्कनीत जाऊन रडून घ्या. क्षांती म्हणजे दगड होणं नव्हे. भरलेल्या धरणालाही दरवाजे असतात. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की ते उघडावेच लागतात, नाहीतर भिंतीवर ताण येतो. तुमचाही एक दरवाजा असू द्या. एक मैत्रीण, एक भाऊ, एक समुपदेशक, जिथे मोकळं बोलता येईल.

याच ओघात आत्मविनिग्रह येतो. स्वतःला आवरणं. आपण समजतो की सगळं एकट्याने करणं म्हणजे त्याग. त्यातही एक बारीक अहंकार असतो, माझ्याशिवाय याचं कुणी नीट करणारच नाही. एकट्याने दोन वर्षं रेटता येत नाही, मित्रांनो. पाळ्या लावा. एकाने औषधांचं वेळापत्रक, एकाने स्वयंपाक, एकाने तपासण्या आणि कागदपत्रं. औषधांच्या पातळीची तपासणी असेल त्या सकाळची गोळी साधारणपणे रक्त दिल्यानंतर घ्यायची असते, म्हणून ती डबीत घालून बरोबर न्यायची. असं सगळं एका वहीत लिहून ठेवा. म्हणजे आज बहीण घरी असली काय आणि उद्या मेव्हणा असला काय, काम अडत नाही.

आणि एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला की हॉस्पिटलला लगेच फोन, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. अंगावर पुरळ, जुलाब, डोळे पिवळे, यांपैकी काही नव्याने दिसलं तरी फोन. दात्याच्या पेशी कधीकधी रुग्णाच्या शरीरालाच परकं समजतात, त्याची ही खूण असू शकते. इथे “देव बघून घेईल” म्हणणं ही श्रद्धा नव्हे. देव बघतो तो तुमच्याच डोळ्यांनी. म्हणून डोळे उघडे ठेवा.

आता सगळ्यात कठीण भाग. दोन श्लोक पुढे, नवव्या श्लोकात, भगवंत म्हणतात की मुलं, बायको, घर यांत गुंतून पडू नये, आणि हवं ते घडो वा नको ते, चित्त सारखं ठेवावं. हे वाचून तरुण मन बंड करतं. तो माझा भाऊ आहे, ती माझी आई आहे, मी गुंतू नको तर काय करू?

गीता प्रेम करू नका असं म्हणत नाही. माउलींनी दिलेला दाखलाच गाय-वासराचा आहे, याहून मोठी माया कुठली! गुंतणं वेगळं. गुंतणं म्हणजे, मी इतकं केलं तर याने तीन महिन्यांत बरं झालंच पाहिजे. मी सोळा सोमवार केले तर रिपोर्ट नॉर्मल आलाच पाहिजे. ही देवाशी केलेली बोली आहे. आणि ट्रान्सप्लांटनंतरचा रस्ता बोलीने चालत नाही. पुन्हा ॲडमिट व्हावं लागतं. आजार उलटूही शकतो. सगळं अगदी नीट करूनही काही माणसं हातातून निसटतात. असं झालं तर त्यात तुमच्या भक्तीत काही कमी पडलं असा अर्थ कुणी काढू नये, आणि कुणी काढला तर तुम्ही तो मनावर घेऊ नये. चुलत्याने सांगितलेला नवस राहिला म्हणून कुणाचं रक्त रुजायचं थांबत नाही.

बारवीची भिंत पाऊस पाडू शकत नाही. पाऊस तिच्या हातात नाही. जे पाणी आलं ते धरून ठेवणं एवढंच तिच्या हातात आहे, आणि तेवढं ती जीव तोडून करते. सेवेत तुमचा वाटाही एवढाच. त्यालाच समचित्तत्व म्हणत असावेत. आकडा वर गेला तरी हात धुवायचे, खाली आला तरी हात धुवायचे.

ज्यांच्या घरी हे नाही, त्यांच्यासाठीही थोडं. पहिल्या आठवड्यात सगळे विचारतात. तुम्ही सातव्या महिन्यात विचारा. “काही लागलं तर सांग” म्हणू नका, सांगायला कुणी येत नाही. “रविवारी दुपारी मी तुझ्याकडे असेन, तू झोप” असं म्हणा. लग्न ठरवताना थॅलेसेमियाची एक साधी रक्ततपासणी करून घ्या. रक्तदान करा, प्लेटलेट द्या. दात्रीसारख्या नोंदणी संस्थेत मूळपेशीदाता म्हणून नाव घाला. गालाच्या आतून एक स्वॅब घेतात, बस. सख्ख्या भावंडाशीसुद्धा जुळण्याची शक्यता चारात एकच असते, त्यामुळे कुणाच्या तरी घरातला दिवा तुमच्या नावावर अडलेला असू शकतो.

आजचा संकल्प छोटासा. डोळे मिटून एका अशा घराचं नाव आठवा, जिथे मोठं आजारपण होऊन गेलं आणि आता सगळं ठीक आहे असं आपण धरून चाललोय. आज त्या घरी फोन करा. रुग्णाची चौकशी कराच, पण सांभाळणाऱ्याला विचारा, “तू जेवलास का?”

आणि जे स्वतः सांभाळतायत त्यांच्यासाठी ही प्रार्थना. पांडुरंगा, माझ्या माणसाला आराम पडू दे. तो कधी पडेल ते तुझं तू बघ. तोवर मला उभं राहायचं बळ दे. आणि माझी पूजा राहिली तर रागावू नकोस, तुला थांबायची सवय आहे.

उद्या आत्मविनिग्रहावर सविस्तर बोलू.

राम कृष्ण हरी!